तोंडाखालची पट्टी

दोघेही वसईतल्या सांडोरचे. एक जण लाकडी लूर, म्हणजे माशासारखं दिसणारं खोटं आमिष, घडवतो, दुसरा आयुष्यभर जिवंत कोळंबी लावून गरवत आला आहे. वयात चांगलं तीस वर्षांचं अंतर. वाद आहे तो लूरच्या तोंडाखाली बसवलेल्या छोट्या पट्टीचा, जिला लूरवाले लिप म्हणतात.

गरवणारा : काम सुबक आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, पोटात शिसं, आरपार घातलेली स्टीलची तार, वर रंगाचे हात. पण तू म्हणतोस की हा पाण्यात किती खोल जाणार आणि कसा हलणार, हे सगळं त्या दोन बोटं रुंद पट्टीवर ठरतं. ते मला पटत नाही. वसईच्या खाडीत मी गळाला जिवंत कोळंबी लावतो आणि वर शिसं बांधतो. उधाणाची ओढ असली की शिसं वाढवायचं, भांगाच्या दिवसांत कमी करायचं. गळ तळाला आहे की मधे आहे, ते तंगुसावर, म्हणजे गळाच्या दोरीवर, ठेवलेल्या बोटाला कळतं. खोली ठरवायला वजन पुरतं. तुझं लाकूड मुळात तरंगणारं. तरंगणारी वस्तू घ्यायची आणि मग तिला बुडवायला एवढा खटाटोप करायचा, त्यापेक्षा आधीच जड वस्तू का घेऊ नये?

घडवणारा : काका, शिसं गळाला खाली नेतं, पण तुम्ही ओढायला लागलात की गळ वर येतो. लूरचं बरोबर उलट आहे. सोडून दिला तर तरंगतो, ओढला तर बुडतो. तिवरांच्या मुळांत अडला तर मी ओढ थांबवतो, तो आपणहून उलटा वर येतो आणि सुटतो. शिसं तिथे रुतून बसलं असतं. हे पट्टीमुळे होतं. पट्टी म्हणजे पाण्यात तिरकी धरलेली फळी. पाणी तिच्या वरच्या अंगावर आदळतं आणि तिला मागे आणि खाली रेटतं. त्यामुळे तोंड खाली वळतं, शेपूट वर उचलली जाते. आता नीट लक्ष द्या. लूर जसजसा तोंड खाली घालतो, तसतशी पट्टी पाण्यासमोर उभी होत जाते. ती प्रवाहाला काटकोनात आली की खाली रेटणारा जोर संपतो, पाणी तिला फक्त मागे खेचत राहतं. म्हणजे पट्टीने अंगाशी केलेला कोन आणि लूर जेवढा खाली वाकला तो कोन, या दोघांची बेरीज ९० अंशांच्या जवळ गेली की बुडी थांबली. पट्टी हनुवटीखाली सरळ उभी बसवली तर ही बेरीज सुरुवातीलाच भरलेली असते. तो लूर हातभर खाली जातो आणि तिथेच डुलत राहतो. पट्टी अंगाच्या रेषेत पुढे काढली, अंगाशी पंधरा-वीस अंश ठेवली, तर लूर जवळजवळ डोक्यावर उभा राहतो तरी पट्टीत जोर शिल्लक असतो. लांबी तीच, लाकूड तेच, नुसता कोन बदलला. शिवाय लांब पट्टी पुढे असल्यामुळे दगडाला, कालवांना आधी ती लागते, गळ नंतर.

गरवणारा : कोनाचं गणित समजलं. पण त्यात तंगूस कुठे आहे? लूर खाली जायला बघतो आणि तंगूस त्याला वर धरून ठेवतो, कारण त्याचं दुसरं टोक माझ्या हातात, पाण्याच्या वर. जितका लांब फेकशील तितका जास्त तंगूस पाण्यात, आणि पाणी त्यालाही खेचणार. जाड तंगूस घेतलास तर तुझी पंधरा अंशांची पट्टीही अर्ध्यावर अडकेल. बरं, किनाऱ्याकडे ओढत आणताना शेवटी तो वर येणारच. म्हणजे तू सांगतोस ती खोली मिळते फक्त मधल्या टप्प्यात. त्यात आपल्याकडे उधाणाला पाणी चार-पाच मीटरनी वरखाली होतं. सकाळी जिथे छातीभर पाणी तिथे दुपारी चिखल. रेती उपसून उपसून खाडीचा तळही जागच्या जागी राहिलेला नाही, मला पाठ असलेली खड्ड्यांची ठिकाणं आता सापडत नाहीत. अशा पाण्यात पट्टीच्या कोनाने हातभर खोली इकडची तिकडे झाली, तिची किंमत काय?

घडवणारा : तंगुसाचं म्हणणं पूर्ण मान्य. बारीक विणलेली दोरी लावली की तोच लूर जास्त खोल जातो, हे मी रोज बघतो. पण एक गोष्ट तुम्हाला उलटी वाटेल. बहुतेकांची समजूत असते की रीळ जोरात फिरवलं की लूर जास्त खोल जाईल. तसं फारसं होत नाही. वेग दुप्पट झाला की पट्टीचा खाली रेटणारा जोर चौपट होतो, पण तंगुसाला आणि अंगाला मागे खेचणारा जोरही चौपटच होतो. दोन्ही एकाच हिशेबाने वाढले तर तोल जागच्या जागी राहतो. वेगाने बदलत नाही ती फक्त लाकडाची वर येण्याची ताकद. म्हणून अगदी सावकाश ओढला तर लूर उथळ राहतो, ठरावीक वेग आला की आपल्या खोलीला पोचतो, आणि त्यापुढे कितीही घाई केली तरी खोली जवळपास तीच. फार जोरात ओढला तर एका कुशीवर पडून पृष्ठभागावर येतो, ती गोष्ट वेगळी. आता याचा खाडीला काय उपयोग ते सांगतो. लूरला तुमचं रीळ कळत नाही, त्याला फक्त अंगावरून जाणारं पाणी कळतं. ओहोटी जोरात असताना मी रीळ फिरवतच नाही. तंगूस धरून उभा राहतो, ओहोटीच लूरला खाली नेते आणि एका जागी नाचवत ठेवते. रेल्वेपुलाच्या खांबामागे जिथे पाणी वळतं, तिथे जिताडा मासा दबा धरून असेल तर त्याच्या तोंडासमोर लूर हवा तितका वेळ धरता येतो. तळ बदलू दे, पाणी चढू दे, मला पृष्ठभागापासूनची खोली हवी असते, ती माझ्या हातात राहते.

गरवणारा : पाचूबंदरची डोल जाळी याच न्यायाने चालते. जाळं जागेवर रोवलेलं असतं, ओढच सगळं काम करते. त्यामुळे हे मला लवकर पटलं. पण मग मला दुसरी शंका येते. तू खोलीची बाजू चांगली मांडलीस. मासा मात्र खोलीला तोंड मारत नाही, तो हलणाऱ्या वस्तूला मारतो. लूर डावी-उजवीकडे थरथरतो ते कशाने? तेही पट्टीच करते म्हणशील.

घडवणारा : सुरुवात पट्टी करते. प्रवाहात आडवी वस्तू धरली की तिच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. फोन कारमान या शास्त्रज्ञाने १९११ मध्ये त्याचं गणित मांडलं, म्हणून त्या भोवऱ्यांच्या रांगेला त्याचं नाव आहे. भोवरा सुटला की त्या बाजूचा दाब उतरतो आणि तोंड तिकडे ओढलं जातं, मग दुसऱ्या बाजूला. वस्तू रुंद असेल तर भोवरे सावकाश सुटतात, अरुंद असेल तर भराभर. सेकंदाला मीटरभर वेगाने जाणारी दोन सेंटिमीटर रुंद पट्टी धरली तर ठोकळ हिशेबाने सेकंदाला सात ते दहा हेलकावे येतात. रुंदी निम्मी केली तर हेलकावे दुप्पट, पण लहान. म्हणून रुंद पट्टीचा लूर लांब झोके घेतो, अरुंद पट्टीचा नुसता थरथरतो. पट्टीची कड पातळ आणि धारदार असली की भोवरे स्वच्छ तुटतात. म्हणून मी वसई पूर्वेच्या गाळ्यांतून सर्किट बोर्डाची फायबरची कातरणं आणतो. दीड मिलिमीटर जाडीतही ती वाकत नाहीत. पारदर्शक प्लास्टिकची पट्टी तेवढी पातळ केली तर लवते.

गरवणारा : आता तू पतंगाचा विचार कर. पतंग म्हणजे तिरका धरलेला कागद, वारा म्हणजे प्रवाह, मांजा म्हणजे तंगूस. तुझा लूर म्हणजे पाण्यातला उलटा पतंग, वर जायच्या ऐवजी खाली जाणारा. भोवरे पतंगाच्या कडांवरूनही सुटत असतील. तरीही नीट बांधलेला पतंग आभाळात खिळल्यासारखा उभा राहतो. गोता कधी खातो? मांजा बांधायची जागा चुकली की, नाहीतर एक बाजू जड झाली की. कागदाचा आकार तोच असतो. म्हणजे हलणं किंवा न हलणं हे त्या फळीवर ठरत नाही. ते दोरा कुठे बांधला आणि वजन कुठे आहे यावर ठरतं. तुझ्या लूरमध्येही हेच आहे. भोवरा तोंडाला ढकलतो, ठीक. पण ढकललेलं तोंड परत कोण आणतं? पोटातलं शिसं खाली ओढतं आणि पाठीचं हलकं लाकूड वर उचलतं, म्हणून तो सावरतो. सावरताना पलीकडे जातो, परत सावरतो. हा नाच शिशाचा आणि पांगाऱ्याचा आहे. तू सगळं श्रेय पट्टीला देतोयस. सागाचा लूर करून त्याला हीच पट्टी लाव आणि बघ.

घडवणारा : सागाचा मेल्यासारखा चालतो, खरं आहे. साग पांगाऱ्याच्या दुपटीहून जड. त्याच्या पोटात शिशाला जागाच उरत नाही, कारण थोडं घातलं तरी बुडायला लागतो. पांगारा हलका म्हणून खाली भरपूर शिसं घालता येतं, वरचं आणि खालचं अंतर पडतं आणि झटका जोरदार येतो. सावंतवाडीच्या कारागिरांनी लाकडी फळांसाठी पांगारा वापरला तो हलका आणि कापायला मऊ म्हणून, मला त्याचा वेगळाच फायदा झाला. पण पतंगाच्या बाबतीत तुम्ही एक गोष्ट सोडली. दोरा बांधायची जागा पट्टीपासून वेगळी नाही. खोल जाणाऱ्या लूरमध्ये ती कडी पट्टीवरच असते. कडीच्या पुढे पट्टीचा किती भाग आणि मागे किती, यावर सगळं बदलतं. कडी नाकाजवळ आणली की पुढे मोठा भाग मोकळा राहतो, पाण्याला तरफ मिळते, हेलकावा मोठा होतो. आणखी मागे नेली तर लूर उलटतो. कडी पट्टीच्या टोकाकडे सरकवली तर हेलकावा आवळत जातो आणि शेवटी लूर काठीसारखा सरळ येतो. एक-दोन मिलिमीटरचा खेळ आहे. म्हणून मी पट्टी म्हणतो तेव्हा कोन, लांबी, रुंदी, कड आणि कडीची जागा हे सगळं मिळून म्हणतो.

गरवणारा : म्हणजे पट्टीच्या नावाखाली तू आता निम्मा लूर आणलास. उरलेला निम्मा लाकडाचा आणि शिशाचा. मग कुठल्या भागाने काय केलं हे तू वेगळं काढणार कसं?

घडवणारा : एका वेळी एकच गोष्ट बदलून. ठोकळा चौकोनी असतानाच मी पट्टीची खाच कापतो. अंग गोल केल्यावर कापली तर करवत कुठल्या रेषेला धरायची तेच कळत नाही. चौकोनी ठोकळ्यावर गुण्या लावून रेघ मारता येते. खाच केसभर जरी तिरकी गेली तर पट्टी एका बाजूला कलते आणि लूर सरळ येत नाही. मग अंग तासायचं, शिसं भरायचं, लाकूड लाखेने आतून-बाहेरून बंद करायचं, नाहीतर पांगारा पाणी पितो. पट्टी शेवटी, आधी नुसती अडकवून. बावखलात ओढून बघतो, काढतो, कोन बदलतो, परत ओढतो. पसंत पडली की मग एपॉक्सी. त्यानंतरही थोडा उजवीकडे पळत असेल तर लूरचं तोंड आपल्याकडे धरून पक्कडीने कडी केसभर डावीकडे वाकवायची.

(वाडीतल्या बावखलाचा उल्लेख आला म्हणून वाचकांसाठी सांगतो. वसईच्या वाड्यांना पाणी पुरवणारी ही छोटी तळी पावसाचं गोडं पाणी धरून ठेवतात. )

गरवणारा : बावखलातलं पाणी गोडं, उभं आणि नितळ. खाडीचं खारं, वाहतं आणि चिखलाचं. तू परीक्षा एका पाण्यात घेतोस आणि पाठवतोस दुसऱ्या पाण्यात.

घडवणारा : खारं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. तेवढ्याने पट्टीच्या जोरात काही फरक पडत नाही. पण ज्या लूरला मी ओढ थांबल्यावर जागच्या जागी अधांतरी राहायला घडवलंय, तो बावखलात थांबतो आणि खाडीत वर येतो. त्यासाठी पोटात थोडं शिसं जास्त टाकावं लागतं. हा हिशेब करता येतो. वाहत्या पाण्याचा मात्र करता येत नाही, कारण खांबामागचं पाणी स्वतःच भोवरे घेऊन येतं. तिथे पट्टीवर येणारं पाणी सरळ नसतंच.

गरवणारा : म्हणजे जिथे मासा आहे तिथे तुझं गणित थांबतं. जगात हा धंदा करणाऱ्यांचंही काही वेगळं नसावं.

घडवणारा : फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ मध्ये पहिला लूर कोरला तो बुचाचा. वर चॉकलेटचा चंदेरी कागद, आणि त्यावर फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून केलेला लेप. मोठे मासे कळपातल्या जखमी, वाकड्या चालीच्या माशाला धरतात हे त्याने बघितलं होतं, आणि ती चाल लाकडात आणायची होती. पुढे त्याची कंपनी जगभर गेली, तरी लूर पाण्यात चालवून बघायची रीत तिने सोडली नाही. अमेरिकेत टेनेसीच्या फ्रेड यंगने १९६० च्या दशकात बाल्सा लाकडाचा गोलमटोल, बिग ओ नावाचा लूर हाताने कोरला. मासेमारीच्या स्पर्धांत लोक तो हातात पडावा म्हणून धडपडायचे. नंतर त्याची प्लास्टिकची आवृत्ती साच्यातून निघाली. साच्यातल्या सगळ्या पट्ट्या एकसारख्या, कोनात तसूभर फरक नाही.

गरवणारा : आणि तरी लोक लाकडीच शोधत राहिले ना? हे माझ्या बाजूचं उदाहरण आहे. पट्टीच सगळं ठरवत असती तर साच्यातला लूर हातच्यापेक्षा सरस ठरायला हवा होता, कारण पट्टी अचूक बसवायला साच्यासारखं दुसरं काही नाही. आणखी एक सांगतो. आपल्या खाडीत वीतभर खालचं दिसत नाही. जिताडा तुझा रंग बघत नाही. त्याच्या कुशीवरून जी रेष जाते तिने त्याला पाण्याची हालचाल कळते. मग तो तोंड उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो. माझी जिवंत कोळंबी शेपटीचा एक झटका देते, थांबते, परत देते. दोन झटक्यांमधलं अंतर कधी सारखं नसतं. तुझा लूर सेकंदाला आठ हेलकावे देतो, आठच्या आठ सारखे. असा ठेका धरून पोहणारा जीव खाडीत मी तरी बघितलेला नाही.

घडवणारा : इथे तुम्ही माझ्या मनातलंच बोललात. काही लूर असे निघतात, फार थोडे, की ते सरळ येता येता मधेच वाट सोडतात. हातभर डावीकडे झेपावतात, आपण काही न करता परत रेषेवर येतात, मग कधीतरी उजवीकडे. कडी वाकवून केलेलं वाकडेपण हे नव्हे. तसा लूर एकाच बाजूला जात राहतो आणि शेवटी उलटतो. हा जातो आणि परत येतो. गोल पट्टीपेक्षा चौकोनी पट्टीत हे जास्त दिसतं असं मला वाटतं, पण खात्रीने नाही. मी काढलेला अर्थ असा : त्या लूरमध्ये पट्टीची ढकल आणि शिशाची सावरासावर अगदी बरोबरीला आलेली असते. थोडी ढकल वाढली तर तो उलटतो, थोडं शिसं वाढलं तर ठेक्यात चालतो. कुठल्याशा लहान भोवऱ्याने तो तोल जातो आणि वेग कमी झाला की परत मिळतो. अशा लूरवर जिताडा येतो तसा दुसऱ्या कशावर येत नाही.

गरवणारा : मग तो तू ठरवून केलास की तो झाला?

घडवणारा : झाला. त्याचं माप घेऊन दुसरा केला, तो सरळ चालला.

गरवणारा : तर आपला वाद आता इथे येऊन थांबतो. खोली पट्टीने ठरते हे मी मान्य केलं, तंगूस आणि वेग धरून. ठेका पट्टीने सुरू होतो आणि शिशाने टिकतो, हे तू मान्य केलंस. पण मासा ज्याला येतो ते तिसरंच आहे, ठेका मोडणं. ते खोलीच्या विरुद्ध जातं, कारण खोल जायला पट्टी लांब हवी आणि कडी पुढे हवी, आणि कडी पुढे नेली की लूर शहाण्यासारखा सरळ चालतो, असं तूच सांगितलंस. खोलही जायचं आणि वाटही सोडायची, हे एका पट्टीत बसतं का?

घडवणारा : तोच प्रश्न माझ्यापुढे आहे. मी असं करणार आहे : एकच ठोकळा उभा चिरून दोन लूर. पट्ट्या एका तुकड्यातून कापलेल्या, शिसं काट्यावर तोलून सारखं. फक्त कडीच्या जागेत मिलिमीटरचा फरक. दोन्ही बावखलात, मग दोन्ही एकाच ओहोटीत, एकाच खांबामागे. एक भटकला आणि दुसरा नाही, तर ते कडीचं काम.

गरवणारा : आणि दोन्ही भटकले नाहीत तर?

घडवणारा : तर लाकडाचं म्हणावं लागेल.

गरवणारा : ठोकळा उभा चिरलास तरी एक अर्ध गाभ्याकडचं आणि एक सालीकडचं. पांगाऱ्याचं वजन दोन्हीकडे सारखं नसतं. आधी दोन्ही अर्धी नुसती तोल, आणि फरक निघाला तर फांदी दुसरी बघ. माझ्या वाडीच्या कुंपणात दोन जुने पांगारे आहेत, त्यांतली जाड फांदी मिळेल. पावसाळ्याआधी काप आणि सावलीत वाळव.